होड्यांची तोंडं

मला मत्सर वाटतो हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कोणाला शोधत बसायला नको. रत्नागिरीतल्या एका शाळेत चित्रकला शिकवण्यात माझं आयुष्य गेलं. निवृत्त होऊनही आता काही वर्षं झाली. या सगळ्या काळात माझ्या पोटात दुखत आलं ते एकाच माणसामुळे. त्याला सगळं गाव पेंटर म्हणतं. मीही पेंटरच म्हणेन.

पेंटर माझ्याच वयाचा, खारवी घरातला, म्हणजे पिढीजात मच्छीमार. मिरकरवाड्याच्या बाजूला त्याची पत्र्याची शेड आहे. सुरुवातीला तो मच्छीमार नौकांवर नावं रंगवायचा, मग दुकानांच्या पाट्या करायला लागला. फ्लेक्स आले आणि पाट्या बंद पडल्या. आता याची खोड मोडणार, असं मला वाटलं होतं (वाटलं काय, बरंच वाटलं होतं). पण तेवढ्यात गणपतीपुळ्याला रिसॉर्टांचं पेव फुटलं, आणि प्रत्येक रिसॉर्टला भिंती असतात. भिंतीवर काहीतरी लावायला लागतं. पेंटरला कुठलंही चित्र दाखवा, कॅलेंडरवरचं, पुस्तकातलं, मोबाइलमधलं, तो ते भिंतीएवढं करून द्यायचा. खाली स्वतःचं नावही घालायचा, दुकानाच्या पाटीखाली पेंटरचं नाव असतं ना, तसंच.

"तो कसला चित्रकार, झेरॉक्सचं मशीन आहे ते," असं मी स्टाफरूममध्ये म्हणायचो आणि सगळे हसायचे. पण घरच्या कुठल्या कार्याला रिसॉर्टवर गेलो की जेवणाआधी मी भिंती बघत फिरायचो. कोणाचं काय उचललंय ते पाहायला. बँकेत कारकुनी करून रविवारी जलरंग खेळणाऱ्या एका गृहस्थाचा समुद्र त्याने तीन ठिकाणी लावला होता. एका बिस्किटाच्या डब्याच्या झाकणावरचं दृश्यही मी ओळखलं. माझं मात्र एकही चित्र नाही. आपलं चित्र चोरायच्याही लायकीचं नाही, या विचाराने मी जेवताना भजी चिवडत बसायचो, आणि बायको विचारायची, "भजी गार आहेत म्हणून तोंड पाडलंयत का?"

माझं एक चित्र खरोखर चांगलं होतं. ते मी भाट्याच्या खाडीवर केलं, ऐन उमेदीच्या काळात. पाणी उतरलेलं, काठाचा ओला चिखल चकाकतोय, नांगर टाकून उभ्या असलेल्या तीन होड्या समुद्राकडे तोंड करून आहेत, आणि बांबूवर एक जाळं वाळत टाकलंय. नाव दिलं 'ओहोटी'. जिल्ह्याच्या प्रदर्शनात त्याला बक्षीस मिळालं, शाळेच्या वार्षिकाच्या मुखपृष्ठावर ते छापलं गेलं, आणि मूळ चित्र मुख्याध्यापकांच्या खोलीत टांगलं गेलं. मी निवृत्त झालो तेव्हा शाळेने ते मला परत दिलं. तेव्हापासून ते आमच्या जेवणाच्या टेबलावरच्या भिंतीवर आहे.

गेल्या वर्षी बायकोच्या भाचीचा साखरपुडा गणपतीपुळ्याला होता. नवीन रिसॉर्ट होतं. आम्ही आत शिरलो आणि समोर, रिसेप्शनच्या मागे, अख्ख्या भिंतीवर माझी 'ओहोटी'.

खरं सांगतो, पहिल्यांदा मला आनंद झाला. अखेर पेंटरने माझं चित्र उचललं होतं! चिखल तोच, जाळं तेच, बांबूला मी दिलेला बाकसुद्धा तसाच. फक्त होड्या उलट फिरवल्या होत्या, त्यांची तोंडं डोंगराकडे केली होती. कोपऱ्यात पेंटरचं नाव. मी बायकोला कोपराने ढोसलं.

"अगबाई, हे तर आपलं," ती म्हणाली. मग थोडं मागे सरून तिने पुन्हा पाहिलं. "पण कसं छान आलंय, नाही? आपल्यापेक्षा जिवंत वाटतंय. का ते सांगता नाही येणार."

आनंद तिथेच संपला. साखरपुड्याला आलेली माणसं त्या चित्रासमोर उभी राहून फोटो काढत होती. मुलाकडचे एक वयस्क गृहस्थ, जयगडचे, बोटीवर नोकरी केलेले, बराच वेळ त्याच्यासमोर थांबले आणि मान डोलावून म्हणाले, "ज्याने काढलंय त्याला खाडी माहितेय हो." माझं चित्र त्या मुख्याध्यापकांच्या खोलीत इतकी वर्षं होतं. त्याच्यासमोर लोक उभे राहिले ते फक्त सह्यांसाठी.

घरी आलो तो जळफळत. मोबाइलवर काढलेला फोटो मोठा करून मी माझ्या चित्राशेजारी धरला. रंग माझेच बरे होते. त्याचा चिखल जरा पिवळट होता. आकाश तर त्याने पाटीवर रंग मारावा तसं एकसारखं मारलं होतं. तरी त्याचं चित्र चांगलं होतं. हे कबूल करताना आजही दाढ दुखल्यासारखं होतं. कशामुळे चांगलं, ते मात्र कळेना, आणि त्यामुळे तर माझं डोकं आणखी फिरलं.

शेवटी मी वकिलाकडे गेलो. वकीलबाई माझीच विद्यार्थिनी. शाळेत असताना तिला भेंडीचं चित्र काढता येत नव्हतं, पण कायदा तिला चांगला येतो. दोन्ही चित्रांचे फोटो तिने टेबलावर शेजारीशेजारी ठेवले.

"सर, हक्क तुमचाच आहे," ती म्हणाली. "चित्र काढलंत त्या दिवसापासून. कुठे नोंद करायला हवी असंही नाही. तुम्ही असेपर्यंत, आणि तुमच्यानंतर साठ वर्षं."

बायको बरोबर आली होती. ती म्हणाली, "म्हणजे पेंटरने थोडा धीर धरायला हवा होता."

वकीलबाई हसली, मी नाही. मी विचारलं, वर्गात मी मुलांना मोठमोठ्या चित्रकारांची चित्रं उतरवायला लावायचो, ते मग माझ्या अंगाशी येईल का? ती म्हणाली, शिकण्याशिकवण्यासाठी केलेल्या नकलेला कायद्यात सूट आहे. मग तिने एक प्रश्न विचारला, जो मी जन्मात विसरणार नाही.

"सर, तुमच्या चित्रात काही चूक आहे का?"

"म्हणजे?"

"नक्कल करणारा चुकासुद्धा उतरवतो. तुमची एखादी चूक त्याच्याही चित्रात आली असेल तर त्याच्यासारखा पुरावा नाही. खाडी सगळ्यांचीच आहे, तो म्हणेल मीही तिथेच बसून काढलं. पण चूक एकट्या तुमची."

"माझ्या चित्रात चूक नाही," मी म्हटलं. चांगलं ठणकावून म्हटलं.

"चुकाच शोधायच्या तर मला सांगायचं होतंत," बायको पुटपुटली.

होड्या का फिरवल्या असतील, यावर आमचं एकमत झालं. लबाडी. कायद्यातून सुटायला काहीतरी वेगळं दाखवायचं, म्हणून. वकीलबाईने तशी नोटीस लिहून हातात दिली, आणि म्हणाली की पाठवण्याआधी एकदा समोरासमोर विचारून बघा, गावातलाच माणूस आहे. मला तेच हवं होतं. त्याची भंबेरी उडालेली मला माझ्या डोळ्यांनी बघायची होती.

सकाळी अकराच्या सुमाराला मी त्याच्या शेडवर गेलो. तो स्टुलावर बसून एका हाताने चहा पीत होता आणि दुसऱ्या हाताने भिंतीएवढ्या कॅनव्हासवर माडाची झावळी ओढत होता. आधी रेखाटलेलं काही नाही, चौकटी आखलेल्या नाहीत. मी आयुष्यभर मुलांना चौकटी आखायला शिकवलं. ती झावळी एका दमात उतरली आणि मला वाटलं, याचा चहा सांडावा.

"सर! या, या. बसा. चाय घेनार?"

"गणपतीपुळ्याला ते खाडीचं चित्र तू केलंस?"

"व्हय, मीच. बगितलंत?" तो खूश झाला. "तुमचंच वो ते. ते बगा."

त्याने बोट दाखवलं तिकडे मी पाहिलं. पत्र्याच्या आतल्या बाजूला, रंगाच्या डब्यांवर, आमच्या शाळेच्या वार्षिकाचं मुखपृष्ठ चिकटवलेलं होतं. कडा पिवळ्या पडलेल्या, एका कोपऱ्यावर निळ्या रंगाचा अंगठा उठलेला. त्याची पुतणी आमच्या शाळेत होती, तिने आणलेलं. वीसपंचवीस वर्षं ते तिथे असणार. म्हणजे मी रिसॉर्टांच्या भिंती धुंडाळत होतो तेव्हा माझं चित्र याच्या डोक्यावर होतं.

"याला कॉपीराइट म्हणतात," मी म्हटलं. आवाज चढला होता. "दुसऱ्याचं चित्र विचारल्याशिवाय घेता येत नाही."

"कॉपीराइट? ते यूट्यूबवर गानं टाकलं की येतं, ते?"

"तेच. चित्रालाही असतं. वर होड्या फिरवल्यास. चोरी लपवायला, होय ना?"

त्याने कप खाली ठेवला. भंबेरी वगैरे काही उडाली नाही. तो थोडा अवघडला, पण माझ्यासाठी, मोठ्या माणसाच्या शर्टाचं बटण चुकीचं लागलेलं दिसल्यावर आपण अवघडतो तसा.

"सर, एक बोलू? राग नाय ना येनार?"

"बोल."

"तुमच्या चित्रातला चिखल वला हाय. चकाकतोय. म्हंजे पानी आत्ताच उतारलंय, सुकती लागलीय. नाव पन तुमी तेच दिलंत, ओहोटी."

"मग?"

"मंग होड्यांची तोंडं दर्याकडं कशी?"

मी मुखपृष्ठ निरखून बघितल्यासारखं केलं. कारण मला प्रश्नच कळला नव्हता, आणि ते त्याला कळू द्यायचं नव्हतं. पण त्याला कळलंच. मग त्याने शिकवलं. मला, शिक्षकाला, स्टुलावर बसवून. नांगर होडीच्या तोंडाशी बांधलेला असतो, त्यामुळे पाणी जिकडून येतं तिकडे होडी तोंड करते. भरतीला पाणी समुद्राकडून आत येतं, तेव्हा होड्या समुद्राकडे बघतात. ओहोटीला पाणी खाडीतून बाहेर जातं, म्हणून त्या फिरून डोंगराकडे बघतात. रोज चारदा सगळ्या होड्या फिरतात. खारव्याच्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं, असं तो म्हणाला नाही. तेवढं पथ्य त्याने पाळलं.

"चित्र तुमचं झ्याक हाय," तो म्हणाला. "रोज बगतो मी. पन त्या होड्या खुपायच्या डोळ्यात. इतकी वर्सं वाटायचं, कोनीतरी फिरवायला होव्यात. रिसॉर्टवाल्याने खाडीचं मागितलं, तवा म्हटलं, आता फिरवतोच."

नोटीस माझ्या पिशवीतच राहिली. चहाही घेतला मी. घरी चालत आलो आणि चित्रासमोर बसलो तेव्हा त्या दिवसाचं सगळं आठवलं. रविवार होता. सकाळी खाडीवर जाऊन मी होड्या रेखाटल्या, तेव्हा भरती होती. मग जेवायला घरी आलो. सुरमई होती, जेवण अंगावर आलं आणि मी झोपलो. चार वाजता उठून पुन्हा गेलो तेव्हा पाणी उतरत होतं, आणि तो चिखल बघून मी वेडा झालो. चिखल रंगवला. होड्या सकाळीच झाल्या होत्या, त्यांच्याकडे मी मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. मुलांना मी काय सांगायचो? आधी बघा, मग हात चालवा. दरवर्षी, प्रत्येक वर्गाला, फळ्यावर लिहून.

वकीलबाईला हे सांगितलं नसतं तर बरं झालं असतं. पण बायकोने सांगितलं. वकीलबाई तर खुर्चीतून उठलीच.

"सर, हा तर सगळ्यात भारी पुरावा! तुमची चूक त्याने दुरुस्त केली, आणि बाकी सगळं तसंच ठेवलं. म्हणजे तुमचं चित्र त्याच्यासमोर होतं. त्याने स्वतःच तुम्हाला तसं सांगितलंय." तिने तिथल्या तिथे नोटीस बदलली आणि वाचून दाखवली. "माझे अशील यांच्या मूळ चित्रात ओहोटीच्या वेळी होड्यांची दिशा चुकीची दाखविली गेली असून, सदर चूक समोरच्या पक्षाने दुरुस्त करून उर्वरित चित्र जसेच्या तसे उतरविले आहे."

"हे वाक्य हवंच का?"

"यावरच तर सगळं उभं आहे, सर."

तिने सहीसाठी कागद पुढे सरकवला. चित्र माझं आहे हे सिद्ध करायचं, तर ते चुकलंय हे मी लिहून द्यायचं. माझं एकुलतं एक चांगलं चित्र. ज्याच्यावर मी बक्षीस घेतलं, जे दाखवून मी पिढ्यान्‌पिढ्या मुलांना निसर्गचित्र शिकवलं. आणि लिहून द्यायचं कोणासमोर, तर पेंटरसमोर. मी म्हटलं, विचार करून सांगतो. चार दिवस केला विचार. चार दिवस त्या तीन होड्या माझ्या ताटासमोर उलट्या उभ्या होत्या. जे इतकी वर्षं दिसलं नव्हतं ते आता दुसरं काही दिसू देईना. त्या काळात पेंटरचा मला इतका हेवा वाटला की त्याला ताप यावा, त्याचे रंग वाळून जावेत, असलं काहीबाही मनात यायचं. हेवा त्याच्या हाताचा होताच. पण त्याला होड्या खुपल्या, मला खुपल्या नाहीत, याचा जास्त होता.

पाचव्या दिवशी मी पुन्हा शेडवर गेलो. काय मागायचं ते वाटेत पाठ केलं होतं.

"हे बघ, मला कोर्टकचेरी नको," मी म्हटलं. "चित्र माझं आहे. तू तिथे माझं नाव घाल. आणि होड्या माझ्या चित्रात आहेत तशा कर."

"तशा म्हंजे? दर्याकडं?"

"हो. नक्कल आहे तर नक्कल पूर्ण असू दे."

त्याने ब्रश रॉकेलच्या डब्यात बुडवला, काढला, पुसला. एवढा वेळ तो कधी घेत नसे.

"नाव घालतो, सर. माझं पुसून टाकतो. तुमचंच ऱ्हाऊ दे, एकट्याचं. नावाचं काय येवढं? पन होड्या नाय फिरवनार."

"का?"

"माझी मानसं येतात तिकडं. बगतील ती."

ज्या नावासाठी मी वर्षभर जळत होतो, वकील गाठला, झोप घालवली, ते त्याने ब्रश पुसता पुसता देऊन टाकलं. माझ्या चुकीच्या होड्या मात्र त्याने घेतल्या नाहीत. मी हो म्हटलं. नाही म्हणायला हवं होतं हे मला तेव्हाही कळत होतं, पण नाव मला हवं होतं. अजूनही हवंच होतं.

दोन दिवसांनी आम्ही त्याच्या स्कूटरवरून गणपतीपुळ्याला गेलो. दुपारची वेळ होती, रिसेप्शनवर एकटी मुलगी होती. पेंटरने चिखलाचा रंग कालवून आणला होता. तो खाली बसला आणि त्याने स्वतःचं नाव पुसलं. तीन फटकाऱ्यांत तिथे नुसता चिखल राहिला, आधी काही होतं असं वाटूसुद्धा नये. मग त्याने पांढऱ्या रंगात ब्रश बुडवला आणि विचारलं, "पूर्ण नाव घालू का आडनावच?"

"आण इकडे," मी म्हटलं. "मीच घालतो."

त्याच्या हातातून ब्रश घेऊन मी माझं नाव घातलं. पूर्ण. वरती तीन होड्या डोंगराकडे तोंड करून व्यवस्थित उभ्या होत्या.

रिसेप्शनवरची मुलगी कौतुकाने जवळ आली. "हे तुमचं आहे, सर? पाणी अगदी वाहतंय असं वाटतं. आमच्याकडे येणारे सगळे विचारतात."

"थँक यू," मी म्हटलं.

पेंटर खाली बसूनच डब्याचं झाकण लावत होता. त्याने मान तिरकी करून माझं नाव नीट पाहिलं.

"अक्षर बाकी लय छान हाय तुमचं, सर," तो म्हणाला.

टोमणा नव्हता तो. जन्मभर अक्षरं रंगवलेला माणूस. त्याला ते मनापासून आवडलं होतं.